शेततळं केवढं आणि मोटर केवढी?

पत्र थोडक्यात असं. माणदेशात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला असलेली पंचविशीतली वाचक लिहिते: आठवड्यातले चार दिवस गावोगाव फिरणं असतं. एसटीने, कधी संस्थेच्या जीपने, उरलेलं पायी. एक्सेलमधल्या शेतकऱ्यांच्या याद्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधले नकाशे, ग्रामसभेत प्रोजेक्टरवर सादरीकरण, आणि महिन्यातून एक-दोनदा रात्री खोलीवर बसून तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ जोडणं, एवढं काम. सध्याचा लॅपटॉप २०१६ चा, मोठ्या भावाने वापरून दिलेला. चार्जर काढला की चाळीस मिनिटांत मान टाकतो. आता स्वतःच्या पगारातून ४५,००० रुपये साठलेत. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला मावसभाऊ म्हणतो, "बॅटरीच्या नादी लागू नकोस, पॉवर घे. बॅटरीला पॉवरबँक आहे की." बरोबर काम करणारी मैत्रीण म्हणते, "पॉवर काय चाटायचीय? ऐन ग्रामसभेत बंद पडला की कळेल." शेवटी ती विचारते, "या पैशांत दोन्ही मिळत नाही असं सगळेच सांगतात. मग ताई, मी यातलं काय सोडू?"

तुझं पत्र वाचताना मी ‘काय सोडू’वर अडले. अजून काही हातात घेतलेलंच नाहीस, तर सोडायची भाषा कशाला?

तुझ्याच पत्रातलं एक वाक्य तू सहज लिहून गेलीस: व्हिडिओ रात्री खोलीवर बसून. म्हणजे तुझं सगळ्यात जड काम भिंतीतल्या सॉकेटपासून हातभर अंतरावर होतं. सॉकेटपासून लांब असताना, म्हणजे एसटीत, कुणाच्या ओसरीवर, बांधावरच्या लिंबाखाली, तू काय करतेस? यादी भरतेस, नकाशा उघडून गट नंबर बघतेस, फोटो उतरवून घेतेस. ही हलकी कामं. जड काम आणि लांबचं काम एकाच वेळी तुझ्या वाट्याला येतच नाही. मावसभाऊ आणि मैत्रीण भांडतायत ते दोन वेगळ्या माणसांच्या लॅपटॉपवरून, आणि त्यातली एकही तू नाहीस.

मैत्रिणीचा ग्रामसभेचा दाखला तर मजेशीरच आहे. अगं, लाईट गेली की प्रोजेक्टरही जाणार! जिथे प्रोजेक्टर चालतो तिथे तुझा चार्जरही चालतो. एक वायरबोर्ड पिशवीत असला की झालं.

तू पाण्यातली माणूस आहेस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. बॅटरी म्हणजे शेततळं. त्यात किती पाणी मावतं ते वॉट-अवरमध्ये लिहिलेलं असतं. लॅपटॉप काम करताना जेवढे वॉट ओढतो ती मोटर. तळ्याला मोटरीने भागलं की तास निघतात, याहून अवघड यात काही नाही. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये साधारण ४२ वॉट-अवरची बॅटरी असते. यादी भरताना, स्क्रीनचा उजेड बेताचा ठेवून, लॅपटॉप सहा-सात वॉट ओढत असेल तर सहा तास निघतात. क्यूजीआयएसमध्ये उपग्रहाचं चित्र खाली ठेवून नकाशा सरकवत बसलीस आणि ओढ बारा वॉटवर गेली, तर साडेतीन. व्हिडिओ तयार व्हायला लावलास आणि तीस वॉट गेले, तर दीड तासही नाही. लॅपटॉप तोच, बॅटरी तीच. ‘हा लॅपटॉप किती तास चालतो’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं ते यामुळे.

दुकानातल्या पाटीवरचे दहा-बारा तास येतात कुठून, तर बऱ्याचदा मंद उजेडात सलग व्हिडिओ चालवून केलेल्या चाचणीतून. तळटीपेत ‘१५० निट’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडतं. निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप; १५० निट म्हणजे संध्याकाळी खोलीत बसून सिनेमा बघायचा उजेड. दहिवडीच्या स्टँडवर दुपारी दोन वाजता त्या उजेडात तुला स्वतःचं तोंड दिसेल, यादी दिसणार नाही. मी स्वतः एकदा असल्या ‘दहा तास’वर भुलून लॅपटॉप घेतलाय. पंधरा वर्षं दुकानाच्या मागच्या टेबलावर लोकांचे लॅपटॉप उघडत बसलेली बाई मी! पहिल्याच प्रवासात साडेचार तासांत बंद पडला. तेव्हापासून मी तास वाचत नाही, वॉट-अवर वाचते.

आता ‘पॉवर’कडे. सगळेजण धरून चालतात की दणकट प्रोसेसर बॅटरी खातो आणि मरतुकडा वाचवतो. हे अर्धंच खरं आहे. मोटर दहा हॉर्सपॉवरची असली तरी बंद असताना पाणी उपसत नाही. आजचे प्रोसेसर काम आलं की धावतात, संपलं की लगेच पडून राहतात. तू यादीतली एक ओळ वाचतेस त्या दोन सेकंदांत प्रोसेसर जवळजवळ झोपलेलाच असतो, मग तो कुठलाही असो. उलट अशक्त प्रोसेसर आणि जोडीला अपुरी रॅम (उघडलेली कामं हाताशी धरून ठेवणारी मेमरी) असली, की तेच काम लॅपटॉप रखडत, धापा टाकत करतो आणि तेवढा वेळ पंखा फिरत राहतो. वेळही गेला, बॅटरीही गेली.

इंटेलच्या नंबराशेवटी ‘यू’ असेल तर तो साधारण १५ वॉटच्या वर्गातला, ‘एच’ असेल तर ४५ च्या. हे आकडे सतत भार असतानाचे आहेत, पान वाचतानाचे नाहीत. हल्ली पातळ, स्वस्त लॅपटॉपमध्येही ‘एच’वाले प्रोसेसर घालतात. त्यांना घाबरायचं कारण नाही, फक्त त्यांच्यासोबत बॅटरी मोठी हवी आणि पंख्याचा आवाज सहन व्हायला हवा. एएमडीच्या रायझनमध्ये वेगळीच गंमत आहे. ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा, आतली रचना कुठल्या पिढीची ते तो सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं जुळ्या भावांसारखी दिसतात, पण पहिल्यात चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे हात) आणि २०१९ ची रचना, दुसऱ्यात सहा कोअर आणि त्याच्या पुढच्या पिढीची रचना. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, पुढे वाढवता येत नाही. आठ जीबी घेतलीस तर शेवटपर्यंत आठच.

आणि तुझा खरा प्रश्न मला रॅमचाच वाटतो. तू लिहितेस, ‘नकाशा सरकवला की जुना लॅपटॉप अडखळतो.’ तो प्रोसेसरमुळेच अडखळतो हे कुणी ठरवलं? आज रात्री एवढं कर: क्यूजीआयएस, एक्सेल आणि ब्राउझर नेहमीसारखे उघडे ठेव. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर तीस-चाळीसवर रेंगाळताना दिसला, तर दोष रॅमचा. प्रोसेसरच शंभरला टेकला असेल, तर मावसभावाचं म्हणणं खरं. माझ्या टेबलावर ‘स्लो झालाय’ म्हणून आलेल्या बहुतेक लॅपटॉपांची दुखणी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क या दोनच होत्या. म्हणून दुकानात एका बाजूला आय५ आणि आठ जीबी, दुसऱ्या बाजूला आय३ आणि सोळा जीबी असं त्याच किमतीत समोर आलं, तर तू आय३ उचल. नाव लहान असू दे.

मावसभावाच्या मनात बहुधा गेमिंगचा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. ४५,००० मध्ये नवा मिळणं कठीणच, जुना मिळेल. तो दोन किलोच्या वर, त्याचा विटेएवढा चार्जर वेगळा. काही न करता नुसता उघडा ठेवला तरी बारा-पंधरा वॉट ओढू शकतो. आणि चार्जर काढल्यावर त्याचा वेगही बराच उतरतो, कारण एवढी वीज पुरवणं बॅटरीच्या आवाक्यातलं नसतं. म्हणजे ज्या वेगाचे पैसे मोजलेस तो वेग फक्त खोलीवर मिळणार. पॉवरबँकेचा तोडगाही तिथे टिकत नाही. असे बरेच लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतच नाहीत, झाले तर रडतखडत.

पण पॉवरबँकेची कल्पना वाईट नाही, फक्त ती हलक्या लॅपटॉपसाठी आहे. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर. व्होल्टेजच्या चढ-उतारातला तोटा वजा जाता साठच्या आसपास हाती लागतात. ४२ ची बॅटरी एकदा पूर्ण भरून वर थोडं उरतं. अट दोन गोष्टींची: लॅपटॉपला टाइप-सीमधून चार्ज होणं यायला हवं, आणि पॉवरबँकेवर ‘पीडी (पॉवर डिलिव्हरी) ६५ वॉट’, निदान ४५ तरी लिहिलेलं हवं. मोबाइलची साधी पॉवरबँक लॅपटॉपला लावून ‘चार्ज होत नाही’ म्हणणारे मी ढिगाने पाहिलेत. तुझ्यासाठी मला पॉवरबँकेपेक्षाही कामाची वाटते ती जीप. लायटरच्या खोबणीत बसणारा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर घे. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना अर्धा-पाऊण तास लॅपटॉप त्यावर लावलास, की संध्याकाळपर्यंतची चिंता मिटली.

आणखी एक विचारू? शिवारात लॅपटॉप उघडतेसच कशाला? क्यूजीआयएसमधलाच नकाशा मोबाइलवर नेणारं क्यूफील्ड नावाचं अ‍ॅप आहे. बंधाऱ्याची जागा, विहिरीची पातळी, फोटो, सगळं जागेवरच त्यात भरता येतं, नेटवर्क नसलं तरी. रात्री लॅपटॉपशी जुळवून घ्यायचं. तू हे आधीच वापरत असशील तर हा परिच्छेद सोडून दे. नसशील, तर लॅपटॉप घेण्याआधी पंधरा दिवस वापरून बघ. सॉकेटपासून लांब लॅपटॉप उघडण्याचे तास निम्म्याने कमी झाले, तर तुझा सगळा हिशोबच बदलेल.

आता पर्याय. माझा कल असा: १५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर (चांगल्या बॅटरीसोबत ‘एच’ मिळाला तरी चालेल), १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान साठवण), ५० वॉट-अवर किंवा त्याहून मोठी बॅटरी, टाइप-सीवर चार्जिंग, वजन दीड-पावणेदोन किलो. स्क्रीन चकचकीत नको, मॅट हवी. ३०० निटची मिळाली तर उत्तम, नेहमीची २५० ची उन्हात फार उपयोगाची नाही. सगळं ४५,००० मध्ये बसेलच असं नाही. ताणलं गेलं तर कापायच्या गोष्टी क्रमाने: प्रोसेसरचं मोठं नाव, टचस्क्रीन, फिंगरप्रिंट. रॅम आणि बॅटरीला हात लावू नकोस.

५० चा आग्रह का? दोन वर्षांत बॅटरी आटते. नेहमीच्या वापरात तीन-पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली, की मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास उरते. ४२ चे ३३-३४ होतात, ५० चे ४०. आज जेमतेम पुरणारी बॅटरी म्हणजे दोन वर्षांनी न पुरणारी. तळं खोदताना गाळ धरून खोदतात, तसंच.

दुसरा पर्याय तुझ्या मनात आला नसावा: कंपन्यांनी वापरून काढलेला जुना बिझनेस लॅपटॉप. उदाहरण द्यायचं तर लेनोवोचा २०१८ चा थिंकपॅड टी४८०. आत २४ वॉट-अवरची एक बॅटरी, आणि मागे खटका सरकवून निघणारी दुसरी, जी २४, ४८ किंवा ७२ ची असायची. आतल्या बॅटरीवर लॅपटॉप चालू ठेवूनच मागची बदलता येते. रॅम वाढवता येते, टाइप-सीवर चार्ज होतो, विंडोज ११ चालतं. पैसेही बरेच वाचतात. उणीही आहेत: प्रोसेसर त्याच्या काळातला, स्क्रीन पुष्कळदा निस्तेज, आणि बॅटरी कुणी किती वापरली ते देव जाणे. बाजारात मिळणाऱ्या ‘नव्या’ बॅटरीवर ७२ छापलेलं असतं, आत तेवढं असेलच असं नाही. असं यंत्र घ्यायचं तर ओळखीच्या, वॉरंटी लिहून देणाऱ्या माणसाकडून. तुझी सवय बघता माझं पहिलं मत नव्यालाच आहे. पण ज्या वाचकांचं बजेट वीस-पंचवीस हजारांच्या घरात आहे, त्यांनी नव्या कामचलाऊ लॅपटॉपआधी हे बघावं.

२०१६ च्या लॅपटॉपला बॅटरी बदलून चालवायचा मोह होईल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि त्या सालच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. शेतकऱ्यांची माहिती ज्यात आहे ते यंत्र असं उघडं ठेवू नकोस. आणि एक तातडीचं: तो लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघ, डुगडुगतो का? टचपॅड एका बाजूने उचललाय का, दाबला तर क्लिक होत नाही का? चाळीस मिनिटांवर आलेल्या बॅटऱ्या कधीकधी आतून फुगलेल्या असतात. माझ्याकडे एकदा एका शिक्षिकेचा लॅपटॉप आला, तक्रार ‘टचपॅड खराब’. मागचे स्क्रू ढिले केले तसं झाकण आपोआप वर आलं. आत बॅटरी तळलेल्या पापडासारखी फुगून टचपॅडला खालून ढोसत होती. असं काही दिसलं तर चार्जिंगला लावू नकोस, टोचू-दाबू नकोस, दुरुस्तीवाल्याकडून आधी ती बाहेर काढून घे.

वापरातल्या दोन गोष्टी. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप झोपला असं हल्ली नसतं. मोबाइलसारखा तो आत जागाच असतो, मध्येच वायफायही शोधतो. सकाळी शंभर टक्के भरून पिशवीत टाकलेला लॅपटॉप दुपारी गरम लागतो आणि सत्तरवर आलेला असतो, ते याने. एप्रिलमधलं बाष्पीभवनच म्हण. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ होईल असं करून ठेव. उघडायला काही सेकंद जास्त लागतात, पण मधल्या वेळात जवळजवळ काही खर्च होत नाही. दुसरं, खोलीवर रात्रभर चार्जर लावून ठेवायची सवय असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय शोध. बॅटरीला उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेलं राहणं, दोन्ही सोसत नाही. फिरतीच्या आदल्या रात्री तेवढी ती ८० ची मर्यादा काढायची.

प्रोजेक्टरवर दाखवताना विंडोजचं बटण आणि पी दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडलंस तर लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन बंद राहते. चार्जर विसरलीस त्या दिवशी एवढ्यानेही फरक पडतो.

‘भाऊ हसेल’ असं तू पत्राच्या शेवटी कंसात लिहिलंयस. हसू दे. त्याला एक काम सांग: तुझ्या यादीतल्या तीन मॉडेलांचे वॉट-अवर शोधून दे म्हणावं. एकाच नावाच्या मॉडेलात एकात ४२ ची, दुसऱ्यात ६० ची बॅटरी निघते, आणि जाहिरातीत ते ठळक लिहिलेलं नसतं. मी कित्येक लॅपटॉप असे उघडलेत ज्यात बॅटरीशेजारी तळहाताएवढी जागा नुसती मोकळी ठेवलेली असते. मोठी बॅटरी मावत होती, घातली नव्हती. नावाच्या मागे येणारा अक्षर-आकड्यांचा लांबलचक कोड जुळवून कंपनीच्या तपशीलपत्रात बघावं लागतं. इंजिनिअरिंगच्या पोराला असली शोधाशोध आवडते.

दुकानात बिलावर तो पूर्ण कोड लिहून घे, नुसतं नाव नको. घरी आल्यावर पूर्ण चार्ज कर, कमांड प्रॉम्प्ट उघड आणि ‘powercfg /batteryreport’ असं, मधली मोकळी जागा आणि तिरकी रेघ जशीच्या तशी ठेवून, टाइप कर आणि एंटर दाब. एक फाइल तयार होईल. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, मिलिवॉट-अवरमध्ये, म्हणजे ५० ची बॅटरी ५०,००० दिसेल. नव्या यंत्रात दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. दहा-पंधरा टक्क्यांचं अंतर दिसलं तर बदलून द्यायची मुदत संपायच्या आत परत जा. मुदत किती दिवसांची ते पैसे देण्याआधी विचारून घे, आणि ती फाइल जपून ठेव. दोन वर्षांनी बॅटरी बदलायची की नाही हे ठरवताना ताडून बघायला लागेल.